चुलीतले लाकूड आणि बॉयलरातले लाकूड

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. आसपास कोळशाच्या खाणी आहेत आणि त्यांच्या पलीकडे ताडोबापासून गडचिरोलीपर्यंत पसरलेले जंगल. या जंगलाच्या कडेच्या गावांतून स्त्रिया भल्या पहाटे सरपणाला निघतात आणि वाळक्या लाकडांची मोळी डोक्यावर घेऊन परततात. इंग्रजांनी केलेल्या १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या आधारे ही मोळी पिढ्यान्‌पिढ्या गुन्ह्याचा मुद्देमाल ठरत आली. वनरक्षकाने मोळी उतरवून घ्यावी, कोयता जप्त करावा आणि वर चार शब्द सुनवावेत, हा या भागातील नित्याचा अनुभव होता. अनेक ठिकाणी तो अजूनही संपलेला नाही. जंगलाचा ऱ्हास कोणामुळे होतो, असा प्रश्न निघाला की सरकारी अहवालांचे बोट आजही प्रथम याच मोळीकडे वळते.

आता दुसरीकडे पाहावे. केंद्र शासनाच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली धोरण जाहीर केले, की कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवभार मिसळून जाळावा. पुढे २०२५-२६ पासून हे प्रमाण सात टक्क्यांवर नेण्याचे ठरले. चंद्रपूरच्या केंद्रासारखे केंद्र पूर्ण भाराने चालले, तर त्याला दिवसाला चाळीस हजार टनांहून अधिक कोळसा लागतो. त्याचे पाच टक्के म्हणजे दोन हजार टन. वीस किलोची एक मोळी धरली, तर ही एक लाख मोळ्यांची भरती झाली, आणि तीही दररोजची. चुलीत जळणाऱ्या लाकडाला ‘मागास इंधन’ म्हणावयाचे आणि बॉयलरात जळणाऱ्या जैवभाराला ‘हरित ऊर्जा’ म्हणून गौरवावयाचे, असा हा व्यवहार आहे. हा भेद शास्त्राने केलेला नाही. तो मालकीने केलेला आहे.

धोरणकर्त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. २०२१ चे धोरण शेतातील अवशेषांविषयी बोलते. जंगल तोडून वीज केंद्रात घाला असे ते म्हणत नाही. पंजाब-हरियाणातील भाताचे खुंट शेतातच पेटविले जातात आणि त्या धुराने दिल्ली कोंडते, हे त्यामागचे तात्कालिक निमित्त होते. परंतु शासनाच्या कागदावर काय लिहिले आहे आणि एकदा उभ्या राहिलेल्या मागणीची भूक कोठवर जाते, या दोन वेगळ्या बाबी आहेत. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली मंजूर केलेल्या बांबू धोरणात औष्णिक केंद्रांसाठी बांबूचा जैवभार वापरण्याचा विचार आलाच आहे. पाऊल शेताच्या बांधावरून रानाच्या दिशेने पडू लागले आहे, एवढे यातून दिसते. ते कोठे थांबवावयाचे हे आताच ठरवावे लागेल, कारण कारखाने उभे राहिल्यानंतर ‘कच्चा माल मिळत नाही, कामगार बेकार होतील’ ही हाकाटी सुरू होते आणि मग सरकारला कसलीही सवलत देणे सोपे जाते. कागद कारखान्यांच्या बाबतीत हे घडून गेले आहे.

लाकूड जाळणे निर्दोष आहे, असा जो समज रूढ करण्यात आला आहे, तो प्रथम तपासला पाहिजे. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. एक टन कार्बन जळला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो चुलीतून गेला काय किंवा शंभर मीटर उंचीच्या धुराड्यातून गेला काय, हवेला त्याचे सुखदुःख नाही. किंबहुना तेवढीच उष्णता मिळविण्यासाठी लाकडातून कोळशापेक्षा अधिक वायू निघतो. हवामानविषयक आंतरराष्ट्रीय मंडळाने हिशेबासाठी जे प्रमाण धरले आहे त्याप्रमाणे एक अब्ज ज्यूल उष्णतेमागे लाकडातून ११२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तर सामान्य दगडी कोळशातून सुमारे ९५ किलो. मग लाकूड ‘निर्दोष’ कसे? त्याचे समर्थन असे, की तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड वाढेल आणि तो वायू पुन्हा शोषून घेईल. युक्तिवाद खोटा नाही, अपुरा आहे. ऐंशी वर्षांचे झाड बॉयलरात काही मिनिटांत जळते; त्याची भरपाई होण्यास पुन्हा ऐंशी वर्षे लागतात. मधल्या काळात ते हवेवरचे कर्ज असते. भाताचा पेंढा यंदा जाळला तर पुढच्या हंगामात कर्ज फिटते. बांबूचे परिपक्व कांड तोडले तर तीन-चार वर्षांत बेटातून नवे उभे राहते. पण धावडा, ऐन किंवा मोह मुळासकट गेला, तर कर्ज नातवंडांच्या माथी बसते. जगाचे तापमान आवरण्यासाठी जो अवधी उरला आहे तो काही दशकांचाच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ‘सर्व जैवभार सारखाच’ या सूत्रातील लबाडी उघड होते.

या सूत्राने युरोपात काय केले, ते पाहण्यासारखे आहे. देशांच्या उत्सर्जनाचा हिशेब मांडताना असा नियम ठरला, की जंगल जेथे तुटते त्या देशाच्या जमिनीच्या खात्यावर लाकडाचा कार्बन खर्ची घालावा. वीजनिर्मितीच्या खात्यात तो पुन्हा धरू नये. दुहेरी नोंद टाळण्यापुरता हा नियम रास्त होता. परंतु वीज कंपन्यांनी आणि सरकारांनी त्याचा अर्थ ‘लाकडाचा धूर शून्य’ असा लावला. इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यातील ड्रॅक्स हे त्या देशातील सर्वांत मोठे कोळसा केंद्र होते. त्याची बहुतेक संचे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर फिरविण्यात आली. व्यापारी पायावर कोळशाची वीज तेथे २०२१ साली बंद झाली. कांड्या येतात त्या मुख्यत्वे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आणि कॅनडातून, समुद्र ओलांडून. धूर यॉर्कशायरमध्ये निघतो, ब्रिटनच्या वहीत तो शून्य दिसतो, आणि वर या विजेला ग्राहकांच्या देयकातून कोट्यवधी पौंडांचे अनुदान मिळते. २०२४ साली तेथील ऊर्जा नियामकाने कॅनडातील लाकडाच्या प्रकाराविषयीची माहिती नीट न दिल्याबद्दल या कंपनीला अडीच कोटी पौंड भरावयास लावले. त्याआधी २०२१ च्या फेब्रुवारीत पाचशेहून अधिक शास्त्रज्ञांनी अमेरिका, युरोप, जपान आणि दक्षिण कोरियाच्या प्रमुखांना पत्र लिहून विनविले होते, की विजेसाठी झाडे जाळण्यास उत्तेजन देऊ नका. पत्रे पोहोचली, अनुदाने चालू राहिली. भांडवलशाहीला हवामानाचे संकट दिसत नाही असे नाही. तिला ते दिसते ते नव्या बाजारपेठेच्या रूपात.

महाराष्ट्रातील जंगलाने हा अनुभव वेगळ्या वेषात पूर्वीच घेतला आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ साली शिफारस केली, की कमी उत्पन्नाचे मिश्र जंगल साफ करून तेथे बाजारात खपणाऱ्या जातींची लागवड करावी आणि त्यासाठी स्वायत्त महामंडळे स्थापावीत. १९७४ साली महाराष्ट्राचे वनविकास महामंडळ अस्तित्वात आले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातील मिश्र जंगलाचे कूप सरसकट कापले गेले आणि तेथे सागाच्या रांगा उभ्या राहिल्या. साग हे वाईट झाड नव्हे. त्याचे लाकूड दारेखिडक्यांत, घराच्या आढ्यात शंभर वर्षे टिकते आणि तेवढा काळ कार्बनही त्यात टिकतो, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण मोह, चार, तेंदू, बेहडा, आवळा ही झाडे ज्यांच्या ताटात आणि बाजारहाटात होती, त्यांना सागाने काय दिले? गुरे त्याचे पान खात नाहीत, माणसे त्याचे फळ खात नाहीत. दाट लावलेल्या सागाखाली झुडपे व गवत विरळ होतात, मोठ्या पानांवरून पडणारे जाड थेंब उघड्या मातीवर आदळतात आणि माती वाहते. हिशेबनीसाने सागाचे घनमीटर मोजले. वाहून गेलेली माती मोजण्यास तेथे कोणी उभे नव्हते.

मातीचा हा उल्लेख सहज केलेला नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशाच्या जंगलांत ७,२८५ दशलक्ष टन कार्बन साठलेला आहे आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीखाली, मातीत आहे. तो शेकडो वर्षांच्या पालापाचोळ्याने, मुळांनी आणि वाळवीने तेथे नेऊन ठेवला आहे. कूप साफ करून उरलासुरला पाला पेटविला, जमीन उकरून खड्डे घेतले, पहिला पाऊस उघड्या उतारावर पडला, की हा साठा सुटू लागतो. नव्या रोपांना तो भरून काढावयास किती दशके लागतील, याची नोंद लागवडीच्या फलकावर नसते. पश्चिम घाटातील नैसर्गिक जंगल आणि तेथील साग-निलगिरीच्या लागवडी यांची तुलना करणारा जो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात दिसले की दुष्काळी वर्षांत अनेक जातींचे जंगल कार्बन शोषण्याचे काम अधिक स्थिरपणे करीत राहते. आदिवासी शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. तो एकाच शेतात ज्वारी, तूर, अंबाडी, वाल पेरतो ते एक गेले तर दुसरे राहावे म्हणूनच.

तरीही आकडे वाढताना दिसतात, याचे कारण जंगलाच्या व्याख्येत आहे. एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांची छाया दहा टक्क्यांपेक्षा जास्त आहे, ती सर्वेक्षणाच्या लेखी जंगल. मग ती आमराई असो, नारळाची बाग असो की निलगिरीची रांग. २०२१ ते २०२३ या काळात देशातील वन व वृक्ष आच्छादन १,४४५ चौरस किलोमीटरने वाढल्याचे जाहीर झाले. त्यात जंगलाची वाढ केवळ १५६ चौरस किलोमीटरची होती; बाकी सारी जंगलाबाहेरच्या झाडांची. बांधावरच्या आंब्याने झालेल्या वाढीबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती जुन्या जंगलाचा नाश आणि नव्या रोपांची गणती एकाच रकान्यात बेरीज-वजाबाकी करून टाकण्याच्या पद्धतीबद्दल. पॅरिसच्या कराराच्या वेळी, २०१५ साली, भारताने २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषण्याची वाढीव क्षमता निर्माण करण्याचे अभिवचन दिले. ते पुरे करण्याची घाई जशी वाढेल, तसा रोपांच्या संख्येला मान आणि उभ्या जंगलाला अपमान मिळण्याचा संभव आहे. २०२४ च्या ‘हरित पत’ नियमांत क्षीण म्हटलेल्या वनजमिनीवर हेक्टरी किमान ११०० झाडे लावण्याची अट होती. ज्या माळाला वनखाते क्षीण म्हणते तो पुष्कळदा धनगराचा चराऊ माळ असतो आणि गवताळ माळाची माती स्वतःच कार्बन धरून असते. पण एवढा विचार करावयाचा तर लागवडीचे कंत्राट कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न मागे पडतो!

मग जंगलाला हात लावूच नये, कुंपण घालून माणसांना बाहेर काढावे, असा निष्कर्ष काही निसर्गप्रेमी मंडळी काढतात. तोही तितकाच घातक आहे आणि शहरी सुखवस्तूपणातून आलेला आहे. जंगलाचा कारभार कोणी व कसा करावा याचे उत्तर पुस्तकात शोधण्याची गरज नाही. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत ते प्रत्यक्ष उभे आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यासाठी गावाने दोन दशके तयारी केली होती. प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने आणि निर्णयाआधी अभ्यासगटात चर्चा, ही तेथील रीत. कागद कारखान्याची बांबूतोड या गावाने फार पूर्वी रोखली होती. हक्क मिळाल्यावरही बांबू वाहून नेण्याचा परवाना देण्यास वनखाते राजी नव्हते. बांबू हे गवत की झाड, यावर शासनाने वर्षानुवर्षे घोळ घातला. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांना गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. आता तोड केव्हा करावयाची, कोवळे कांड किती ठेवावयाचे, मजुरी किती, हे गाव ठरविते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण याहून बोलके आहे. या गावाला २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तेंदूपत्त्यातून रोख पैसा मिळतो, विदर्भातील हजारो कुटुंबांचा उन्हाळा त्यावर निघतो. तरीही पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता न तोडण्याचे ठरविले. कारण उघड होते: पाने चांगली फुटावीत म्हणून झाडे छाटली जातात आणि रानात आगी लावल्या जातात, आगीत रोपे, पाखरे, सरपटणारे जीव आणि जमिनीवरचा पाला जळतो. गावाने बांबूवर भर दिला, जंगलाचा एक भाग देवाच्या नावाने अजिबात न तोडण्याचे ठरविले, आणि तेंदूची फळे माणसांना व पाखरांना पुन्हा मिळू लागली. कार्बन हा शब्द त्या ठरावात नसेल. कार्बनचे रक्षण त्यात आहे. वातानुकूलित दालनात बसलेल्या एखाद्या सल्लागार कंपनीने हाच निर्णय सुचविला असता, तर त्याचे मोल लाखांत झाले असते.

याच्या उलट चित्र कर्नाटकात दांडेलीला दिसले होते. तेथील कागद कारखान्याला १९५८ च्या सुमारास टनाला दीड रुपया या दराने बांबू देण्यात आला. त्याच वेळी बुरूड मात्र बाजारभावाने, त्याच्या कितीतरी पट किंमत मोजून बांबू घेत होता. बांबूची बेटे ओस पडली तेव्हा दोष गुराख्यांना आणि बुरुडांना देण्यात आला. माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी करून दाखविले, की कारखान्याच्या तोडीसाठी बेटांच्या बुडाचे काटेरी आवरण साफ करण्याची जी पद्धत वनखात्याने पाडली, तिनेच कोवळे कोंब जनावरांच्या तोंडी गेले. ज्याला बेट पुढच्या वर्षीही लागणार आहे तो काटे काढीत नाही.

जैवभाराच्या नव्या लाटेत ही गोष्ट पुन्हा घडण्याची चिन्हे आहेत आणि या वेळी ती शेतातून सुरू होईल. कापूस वेचून झाला की विदर्भातील पऱ्हाटीच्या काड्या भूमिहीन मजुराच्या चुलीत जातात. शेतमालक त्या फुकट किंवा शेत साफ करून देण्याच्या बदल्यात नेऊ देतो. तुराट्यांचेही तसेच. कांड्यांच्या कारखान्याने त्यांना भाव दिला, की शेतमालकाला चार पैसे मिळतील, हे चांगलेच. पण मजुराच्या घरची स्त्री सरपणाला कोठे जाईल? ती रानाकडेच जाईल, आणि मग जंगल ती तोडते असा अहवाल पुन्हा लिहिला जाईल. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत कोट्यवधी जोडण्या दिल्या गेल्या, परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ग्रामीण भागातील जेमतेम ४३ टक्के कुटुंबे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत असल्याचे आढळले. शेगडी घरात आहे, टाकी भरून आणण्यास पैसे नाहीत. जैवभारावर सरकारला खर्च करावयाचाच असेल, तर त्याचा पहिला हक्क या घरांचा आहे.

लाकडापासून ऊर्जा करण्याचा धंदा कोणाच्या पाठीवर चालतो, हे रायगड-ठाण्यातील कातकऱ्यांना विचारावे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि दिवाळीनंतर बायकामुलांसह कोळसाभट्टीवर जावयाचे. झाड तोडणे, रचणे, मातीने लिंपणे, रात्रभर भट्टी राखणे. हंगामाअखेर हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. भट्टीवरच्या धुरात तो कायदा अद्याप नीटसा दिसत नाही. या कोळशावर ‘नूतनीक्षम’ असा शिक्का मारता येईल. मजुराच्या श्रमाचे नूतनीकरण कोण करणार, हे त्या शिक्क्यात येत नाही.

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जंगलखात्याने गरिबांचा पानफुलांवरचा, लाकूडफाट्यावरचा निर्वाह कसा तोडला हे १८८३ सालीच सांगितले होते. १९३० साली पुसद, बिळाशी आणि चिरनेरला माणसे जंगल सत्याग्रहात उतरली ती याच हक्कासाठी. चिरनेरला गोळ्या खाल्ल्या. या परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांनी हवामानाचा प्रश्न हा सुशिक्षितांचा छंद आहे असे मानून तो बाजूला ठेवता कामा नये. वीजकंपन्या, कागद कारखानदार आणि वनखाते यांनी या प्रश्नावर आपली भाषा तयार केली आहे. कष्टकऱ्यांच्या बाजूने ती अजून तयार व्हावयाची आहे.

तोवर कार्यकर्त्यांच्या हाताशी काही साधने आहेत. वनहक्क कायद्याने, २००६ साली, बांबूच नव्हे तर काटक्याकुटक्या आणि बुडखेही गौण वनोपज म्हणून वननिवासींच्या मालकीचे ठरविले. तेव्हा वाळक्या काटक्यांची मोळी अडविणाऱ्या वनरक्षकाला कायद्याचे कलम दाखविता येते. ते अनेक कार्यकर्त्यांना अद्याप माहीत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, पण व्यवस्थापनाचा आराखडा स्वतः लिहिणाऱ्या ग्रामसभा त्यामानाने थोड्या. आराखडा गावाने लिहिला नाही तर वनखात्याची कार्य आयोजना तेथे चालू राहते, कूप आखले जातात, महामंडळाची माणसे कुऱ्हाडी घेऊन येतात. म्हणून कोणते जंगल अजिबात तोडावयाचे नाही, कोठून किती सरपण घ्यावयाचे, बांबू किती वर्षांच्या पाळीने, आग कोणी राखावयाची, याचा निर्णय गावाने लेखी करावा. वीज केंद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक टन जैवभाराचा उगम जाहीर करण्याची, नैसर्गिक जंगलातील लाकूड त्यातून पूर्णतः वगळण्याची आणि गावाची सरपणाची गरज भागल्यावाचून काडी बाहेर न जाऊ देण्याची मागणी जिल्हा पातळीवर लावून धरावी.

वनहक्क कायद्यातील ग्रामसभा पाड्याची किंवा टोल्याचीही असू शकते. तिला ग्रामपंचायतीच्या मुख्य गावाची वाट पाहण्याचे कारण नाही. आराखड्याचा विषय पुढील सभेसाठी लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि सभेला मोळी आणणाऱ्या स्त्रिया हजर राहतील अशी वेळ ठेवावी. दुपारची नको, कारण त्या वेळी त्या रानात असतात.